परदेशी पडद्यावरील इंद्रजित

देवांच्या कथा माणसांबरोबर देशोदेशी जातात. परंतु कधी कधी त्या माणसांना मागे ठेवून एकट्याही जातात. अशा वेळी त्या कोणी, कोणत्या हेतूने व किती जाणकारीने सांगितल्या, हा प्रश्न उभा राहतो. इ. स. १९९९ साली ‘झीना : वॉरियर प्रिन्सेस’ या दूरचित्रवाणी-मालिकेच्या एका भागाने हा प्रश्न अनेक देशांतील हिंदूंपुढे उभा केला.

ही मालिका १९९५ पासून २००१ पर्यंत चालली. ती अमेरिकन निर्मात्यांची होती, पण तिचे चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये होत असे व नायिकेची भूमिका ल्युसी लॉलेस या न्यूझीलंडच्या अभिनेत्रीने केली होती. झीना ही पूर्वायुष्यातील क्रूर कर्मांचा पश्चात्ताप होऊन दुर्बळांच्या रक्षणासाठी शस्त्र धरणारी योद्धी. तिच्या कथेत ग्रीक देव, रोमन सेनानी आणि निरनिराळ्या देशांतील दंतकथा यांची मनमोकळी सरमिसळ केलेली असे. चौथ्या पर्वात ही नायिका आपली सखी गॅब्रिएल हिच्यासह भारतात येते. त्याच पर्वातील ‘द वे’, म्हणजे ‘मार्ग’, हा तो वादग्रस्त भाग होय.

त्याचे कथानक थोडक्यात असे : राक्षसांचा राजा इंद्रजित हा गॅब्रिएलला व एलाय नावाच्या शांतिवादी साधुपुरुषाला पळवून नेतो. त्यांच्या शोधात निघालेल्या झीनेला हनुमान भेटतो. पुढे ती कृष्णाचा धावा करते. कृष्ण प्रकट होऊन तिला सांगतो की, तिचा मार्ग हा योद्ध्याचा मार्ग आहे. अखेरच्या युद्धात इंद्रजित तिचे हात तोडतो. तेव्हा ती कालीसारखे बहुभुज रूप धारण करून त्याचा वध करते. गॅब्रिएल मात्र शस्त्रत्यागाचा मार्ग पत्करते.

रामायण जाणणाऱ्यास येथे अनेक ठिकाणी अडखळावे लागेल. इंद्रजित हा रावणाचा पुत्र मेघनाद. इंद्राला जिंकल्यामुळे त्याला हे नाव मिळाले. त्याचा वध लक्ष्मणाने केला. कृष्ण तर पुढच्या युगातला.

या भागावर वैष्णवांच्या ‘वर्ल्ड वैष्णव असोसिएशन’ या संस्थेने जोरदार आक्षेप घेतला. ज्यांची आजही पूजा होते, त्या कृष्णाला व हनुमानाला कल्पित पात्रांच्या पंक्तीस बसविले, हे त्यातील मुख्य गाऱ्हाणे होते. दोन स्त्रियांच्या प्रेमसंबंधास कृष्णाची संमती असल्याचे भासविले जाते, अशीही काहींची तक्रार होती. निर्मात्यांनी तो भाग प्रसारणातून मागे घेतला. त्यावर मालिकेचे चाहते नाराज झाले. त्या नाराजांत हिंदूही होते. पुढे काही काटछाट करून व निवेदनाची जोड देऊन तो पुन्हा दाखविण्यात आला.

या वादाचा विचार करताना दोन गोष्टी ध्यानी घेणे अगत्याचे आहे. पहिली ही की, शस्त्रधारिणी स्त्री हिंदू परंपरेला मुळीच परकी नाही. ‘देवीमाहात्म्या’च्या सातशे मंत्रांत महिषासुराचा वध देवीच करते आणि चंडमुंडांच्या संहारासाठी काली तिच्याच ललाटातून प्रकट होते. ‘अद्भुत रामायणा’त तर सीताच महाकालीचे रूप घेऊन सहस्रमुखी रावणाला मारते. तेव्हा कालीरूप घेणारी नायिका ही कल्पना मालिकाकारांच्या फार पूर्वीची होय. परंतु त्या कथेत सीता ही मुळातच आदिशक्ती आहे. परक्या कथेतील नायिकेला ते रूप केवळ विजयासाठी मिळते. भक्ताच्या मनाला हा भेद लहान वाटत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, देवांना पडद्यावर आणण्यासही परंपरेने मनाई केली नव्हती. दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. १९१९ च्या ‘कालियामर्दना’त बालकृष्ण झाली होती फाळक्यांची कन्या मंदाकिनी. प्रेक्षकांनी ते भक्तिभावाने पाहिले, कारण सांगणारा व ऐकणारा यांच्यात श्रद्धेचे एक नाते होते. कथेत भर घालण्यासही बंदी नव्हती. इंद्रजिताची सती पत्नी सुलोचना मराठी कथाकीर्तनांतून घरोघरी पोहोचली. वाल्मीकींच्या काव्यात मात्र तिची कथा नाही. १९९९ साली दुखावले गेले ते हे नाते. केवळ कथेचे पाठांतर नव्हे.

ज्यांचे पूर्वज मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेले, त्यांना या नात्याचे मोल विशेष ठाऊक आहे. त्या मजुरांपाशी देवळे नव्हती, शास्त्रीपंडितही क्वचितच होते. गणेशचतुर्थीला जाखडीच्या फेरात म्हटलेली गाणी आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी, हीच त्यांची पाठशाळा. कथा जिवंत राहिली, कारण ती प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला सांगितली.

म्हणूनच त्या वादातून घ्यावयाचा बोध केवळ निषेधाचा नाही. भाग मागे घेतल्याने कोणाच्याही ज्ञानात भर पडली नाही. निवेदनासह पुन्हा दाखविल्याने निदान प्रेक्षकाला इतके तरी कळू शकले की, ही दैवते कोट्यवधींच्या नित्य पूजेतील आहेत. परदेशी कलावंताकडून आदराची अपेक्षा ठेवणे रास्तच आहे. परंतु ज्या घरातील मुलाला मेघनाद, निकुंभिला आणि लक्ष्मण यांची कथा ठाऊक नाही, त्या मुलाला पडद्यावरचा इंद्रजितच खरा वाटणार. त्यात दोष पडद्याचा थोडा, घरातल्या मौनाचा अधिक. ते मौन मोडण्यास कोणा निर्मात्याची अनुमती लागत नाही. संध्याकाळी दिवा लावल्यावर अर्धा तास पुरतो.