बाभळीचं पाणी, रंकाळ्याचा दगड

आमच्या धर्माबादला गोदावरीचं तळं कधी होणार हे पाऊस ठरवत नाही, तारीख ठरवते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालाप्रमाणे बाभळी बंधाऱ्याचे चौदा दरवाजे १ जुलैला उघडतात आणि २९ ऑक्टोबरला बंद होतात. इतरांसाठी हा दोन राज्यांचा पाणीवाद. मी मात्र दिवाळीनंतर पाणी साठलं की रंगपेटी घेऊन काठ गाठतो.

माझं पहिलं तैलचित्र दगडांनी बिघडवलं. मी ते काळे रंगवले. महाराष्ट्राचा दगड काळा, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. पण देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात बेसॉल्ट संपतो आणि खालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट वर येतो. बासरच्या बाजूचे धोंडे बघा: गोल, करडे, सकाळच्या उन्हात चक्क गुलाबी.

मराठवाड्यात तैलरंगाचं मोठं काम झालं ते अजिंठ्याच्या निमित्ताने. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या तिथल्या चित्रांच्या बहुतेक तैलप्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६च्या आगीत जळाल्या. उघड्यावर बसून रंगवणंही तेव्हा नवंच. जॉन रँड यांनी १८४१ साली कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी चित्रकार घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून नेत. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७चं. तिथे विद्यार्थ्यांच्या पुढ्यात पहिल्यांदा यायचे ते प्लास्टरचे ग्रीक पुतळे. तळ्याकाठी जाऊन बसायला त्यातला एक जण आपणहून गेला.

तो म्हणजे आबालाल रहिमान. जे. जे.मधून नाव कमावून ते कोल्हापूरला परतले आणि पुढचं आयुष्य त्यांनी रंकाळा, कोटितीर्थ अशा दोन-चार पाणवठ्यांपाशी काढलं. रंकाळा म्हणजे मुळात दगडाची खाण, पाणी भरून झालेलं तळं. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमलं. १९२२ला महाराज गेले आणि आबालालांनी आपली चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं कोल्हापूरकर सांगतात. आकडा वीस हजारांचा सांगतात. परतल्यापासूनची वर्षं धरून मी हिशोब केला, रोजचं दीड चित्र पडतं. कच्ची रेखाटनं मोजली तर जमेलही. मला तो आकडा दुःखाने फुगलेला वाटतो. १९३१ला ते गेले. ज्याची चित्रं समोर ठेवून शिकायचं त्याचीच पाण्यात गेली, याचा मला अजून राग येतो.

म्हणून एकदा रात्रभर प्रवास करून रंकाळ्यावर गेलो. पहाटे संध्यामठासमोर बसलो. काळा रंग कुठेच नव्हता! ओला दगड आभाळ घेऊन निळसर झालेला, कोरडा तपकिरी, सावलीत जांभळट. म्हणजे मी चुकलो होतो ते केवळ ग्रॅनाइट ओळखण्यात नाही. मी दगडाकडे पाहिलंच नव्हतं.

आता काळ्याची ट्यूब मी घरीच ठेवतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून करडा करायचा, उजेडाच्या बाजूला त्यात पांढरा आणि किंचित लाल. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलट केलं तर वरचा थर आधी सुकतो आणि मग तडकतो. उजळ धोंड्याचं प्रतिबिंब धोंड्यापेक्षा थोडं गडद ठेवायचं, काळपट झुडपाचं थोडं फिकं. आणि दीड तासात आटपायचं, कारण नऊनंतर सावल्या जागा सोडतात.

तेलाच्या बाटलीचा वास घेऊन आजी विचारते, “चटणीचं जवस चितराला लावालास का रं?” मी हो म्हणतो. वाळायला आठवडा लागतो, तोवर कॅनव्हास तिच्या कणगीमागे उभा असतो.

या वर्षी जूनमध्ये एक मोठा धोंडा अर्धाच झाला. १ जुलैला दरवाजे उघडले, त्याच्याभोवतीचं पाणी गेलं आणि नुसता चिखल उरला. चित्रातला खालचा भाग कोराच आहे. २९ ऑक्टोबरची वाट पाहतोय.