कागद की कान? जॅझ पियानोच्या शिकवणीची शंभर वर्षं

हेडफोन लावलेत ना? मग आज जरा पियानोकडे वळू या.

कीबोर्ड शिकायला घेतलेला प्रत्येक जण कधी ना कधी एक प्रश्न विचारतोच. आधी नोटेशन वाचायला शिकू, की कानाने ऐकून वाजवू? आणि जॅझ म्हटलं की लोक ठोकून सांगतात, ‘जॅझवाले कुठे कागद बघतात? ते तर मनाला येईल ते वाजवतात!’

हा समज आला कुठून? त्याची गोष्ट मजेशीर आहे आणि थोडी कडूही.

१९१० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरोप नावाच्या कृष्णवर्णीय संगीतकाराने ‘क्लेफ क्लब’ उभा केला. वादकांची संघटनाही तीच आणि त्यांना कामं मिळवून देणारं ठिकाणही तेच. १९१२ मध्ये त्यांच्या वाद्यवृंदाने थेट कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला. श्रीमंत गोऱ्यांच्या पार्ट्यांना याच क्लबचे वादक जायचे. पियानोवादक यूबी ब्लेक यांनी पुढे सांगितलं, की ही मंडळी नव्या गाण्यांचे कागद आणून घरी पाठ करायची आणि पार्टीत कागदाशिवाय वाजवायची. का? कारण गोऱ्या यजमानांना असं मानायला आवडायचं, की यांना वाचता येत नाही, यांच्या रक्तातच संगीत आहे.

बघा हं, मेहनत केली, वाचायला शिकले आणि पोटासाठी तेच लपवावं लागलं. ‘जन्मजात प्रतिभा’ हे ऐकायला कौतुक वाटतं. पण त्या कौतुकात समोरच्याच्या अभ्यासाचं श्रेय अलगद काढून घेतलेलं असतं.

पट्ट्या आपोआप दबतात तेव्हा

त्याच काळात अमेरिकेत घरोघरी ‘प्लेअर पियानो’ होते. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी आत बसवायची, पाय मारायचे, की पियानो आपोआप वाजतो आणि पट्ट्या खाली दबताना दिसतात. जेम्स पी. जॉन्सन यांच्या ‘कॅरोलायना शाउट’ची अशी गुंडाळी निघाली होती. वॉशिंग्टनमधल्या एका पोराने ती हळू वेगात फिरवली, दबलेल्या पट्ट्यांवर स्वतःची बोटं ठेवली आणि अख्खी रचना उचलली. तो पोरगा म्हणजे ड्यूक एलिंग्टन. फॅट्स वॉलरनेही हाच मार्ग धरला होता.

आपण यूट्यूबवर व्हिडिओचा वेग अर्धा करून बोटं बघतो ना? तेच हे, फक्त शंभर वर्षं आधी.

गोव्याहून मुंबईला

आता आपल्या किनाऱ्याकडे या. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ही मुलं कामासाठी मुंबईत आली ती वाचनात तयार होऊनच. समोर कागद ठेवा, लगेच वाजवणार.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. शिकागो गाजवलेले पियानोवादक टेडी वेदरफर्डही पुढे ताजमध्ये वाजवू लागले. अशा लोकांच्या शेजारी बसून आणि रेकॉर्डी ऐकून गोव्याचे वादक कागदावर नसलेली गोष्ट शिकले: ठरलेल्या कॉर्ड्सवर ऐन वेळी नवी चाल रचणं. हळदोण्याचे चिक चॉकलेट तर लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाने ट्रम्पेट वाजवायचे. पुढे ते आपल्या सी. रामचंद्रांसोबत काम करू लागले. १९५१ च्या ‘अलबेला’तली गाणी पुन्हा ऐका, म्हणजे कळेल.

सिनेमात त्यांचं वाचनही कामी आलं. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा, आणि सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे जाणकार ती वाद्यवृंदासाठी लिहून काढायचे. पडद्यावर नाव मात्र बहुतेक वेळा संगीतकाराचंच.

वाचता येत नाही? मग बाहेर!

आता उलट टोक. पिट्सबर्गच्या एरल गार्नर यांना नोटेशन वाचता येत नव्हतं, ते शिकले सगळं कानाने. तिथल्या वादक-संघटनेने याच कारणावरून त्यांना सभासद करून घेतलं नव्हतं. १९५४ मध्ये त्यांनी ‘मिस्टी’ केली, ती विमानात सुचली असं सांगतात. १९५५ चा ‘कॉन्सर्ट बाय द सी’ हा अल्बम तुफान चालला. १९५६ मध्ये संघटना नमली आणि तिने त्यांना मानद सभासद केलं.

म्हणजे एकाने वाचता येतं हे लपवायचं आणि दुसऱ्याला वाचता येत नाही म्हणून दार बंद. दोन्हीकडे वाजवणं कसं आहे, हे कुणी विचारलंच नाही!

झेरॉक्सवाली पोथी

१९७० च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी शेकडो जॅझ रचना हाताने लिहून एक पुस्तक केलं, ‘द रिअल बुक’. परवानगी नाही, रचनाकारांना मानधन नाही, झेरॉक्सच्या प्रती गुपचूप विकल्या जायच्या. त्यात चुकाही होत्या, आणि त्या चुका जगभर वाजल्या. कायदेशीर आवृत्ती आली ती २००४ मध्ये.

पण त्या पानावर असतं काय? वरच्या हाताची चाल आणि डोक्यावर कॉर्डची नावं. बस्स. डाव्या हाताने काय करायचं, लय कुठे ओढायची, चाल संपल्यावर पुढे काय, यातलं काही नाही. आपल्याकडच्या बंदिशीसारखंच. दोन ओळींची बंदिश वहीत मावते, उपज मावत नाही. ती ऐकून, घोकून आणि चुकून येते.

तेव्हा नव्याने शिकत असाल तर एक करून बघा. एकच गाणं घ्या. चाल आणि कॉर्ड कागदावरून वाचा. मग त्याच गाण्याची रेकॉर्ड लावा, चार मात्रांचा तुकडा आधी गळ्याने म्हणा आणि मगच पट्ट्यांवर शोधा. शेवटी कागद उलटा ठेवून वाजवा.

क्लेफ क्लबवाले घरी हेच करत होते. त्यांना कागद लपवावा लागला. तुम्हाला तो उघड्यावर ठेवता येतो, आणि हवा तेव्हा मिटताही येतो.

आजच्यापुरतं इतकंच. ऐकत राहा, वाजवत राहा. भेटू पुढच्या भागात!