पाऊस आटला, घरं बदलली

आज राजेरजवाडे बाजूला ठेवू आणि साध्या घरांचा इतिहास बघू.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं आणि सुमारे ३५०० वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उघडी झाली. चुली, रांजण, धान्याची पेवं, सगळं आपल्या ओळखीचं!

हा पर्जन्यछायेचा मुलूख. ढग सह्याद्रीवर रिते होतात. महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरांहून जास्त पाऊस, शिरूरला ५०० च्या आसपास. इथं शेती करायची तर नदी हवी आणि साठवण हवी. त्या लोकांनी बांध घातला, पाट खणला. जव, थोडा गहू, मसूर, कुळीथ पिकवले. घरं चौकोनी, कुडाची. त्यांत एक घर पाच खोल्यांचं आणि त्याला लागून कोठार. ते प्रमुखाचं असावं, असं अभ्यासक मानतात. आम्हाला त्यात एवढंच दिसतं, की पाऊस कमी असला की कोठार कोणाच्या दाराशी आहे याला फार किंमत येते.

पुढं, सुमारे ३००० वर्षांपूर्वी, हवा आणखी कोरडी झाली, असं उत्खननकर्ते म. के. ढवळीकर यांचं मत होतं. चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली, गहू जवळजवळ नाहीसा झाला. शेतीपेक्षा पशुपालन आणि शिकार यांवर भिस्त वाढली.

'दुष्काळानं गाव उठलं' असं एका वाक्यात सांगून टाकलं जातं. ते आम्हाला पटत नाही. गोल झोपड्यांत लोक साधारण ३०० वर्षं राहिले. पावसानं वाटा कमी केल्या, पण उरलेल्यांपैकी कुठली धरायची हे माणसांनीच ठरवलं.

त्याची किंमत मात्र पोरांनी मोजली. त्या उत्तरकाळातल्या तान्ह्या बाळांच्या हाडांत वाढ खुंटल्याच्या खुणा अभ्यासकांना जास्त आढळल्या. गेलेल्या बाळाला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घरातल्याच जमिनीखाली पुरत. घर चौकोनाचं गोल झालं, लहान झालं. ही रीत तेवढी बदलली नाही.