खाणीचा गरम श्वास: वरोरा ते लंडन

आजचा एपिसोड हवेवर आहे. साध्या नाही, कोळशाच्या खाणीतून बाहेर फेकलेल्या हवेवर. रत्नागिरीत बसून कोळशाच्या खाणीवर बोलणं जरा विचित्र वाटेल, कारण आमच्या मिरजोळ्यात खणलं तर जांभा लागतो, कोळसा नाही. पण ही गोष्ट आपल्याच राज्यात सुरू होते, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात.

वरोरा म्हटलं की बहुतेकांना आनंदवन आठवतं. त्याच्या कितीतरी आधी, १८७१ च्या सुमारास, इंग्रज सरकारने तिथे कोळशाची खाण सुरू केली. वर्ध्याहून वरोऱ्याला रेल्वेचा फाटा आला तो या कोळशासाठीच. ही खाण १९०६ साली बंद झाली आणि मग कामाचं केंद्र बल्लारपूरकडे सरकलं.

वर्धा खोऱ्यातल्या या कोळशाला एक खोड आहे. हवा लागली की तो हळूहळू ऑक्सिजन शोषतो आणि आपोआप तापतो. उष्णता बाहेर पडायला वाट नसेल तर पेट घेतो. काडी लावायलाच नको! म्हणजे खाणवाल्याची पंचाईत बघा: हवा फार कमी असली तर उष्णता साचते आणि माणसं गुदमरतात, आणि नको त्या फटीत हवा शिरली तर आगीला खाऊ मिळतो. वरोऱ्याची खाण या आगींशी झगडतच चालली. तिथे उष्णता म्हणजे शत्रू, जमेल तितक्या लवकर बाहेर घालवायची गोष्ट.

घालवायची कशी? इंग्लंडमध्ये तेव्हा एक अजब पद्धत होती. दोन शाफ्ट खणायचे आणि एकाच्या तळाशी मोठी भट्टी पेटवायची. गरम हवा त्या शाफ्टमधून वर जाते आणि तिच्या जागी दुसऱ्या शाफ्टमधून ताजी हवा आत येते. आपल्या चुलीच्या धुराड्यासारखंच, फक्त शेकडो फूट खोल. कोळशाच्या खाणीत मुद्दाम आग ठेवायची, काय धाडस म्हणावं! दुसरा शाफ्ट का लागतो हे हार्टली गावाने शिकवलं. १६ जानेवारी १८६२ ला तिथल्या पंपाच्या इंजिनाची प्रचंड तुळई तुटून एकुलत्या एक शाफ्टमध्ये कोसळली आणि आत अडकलेल्यांसह २०४ जण गेले. त्याच वर्षी दोन वाटा ठेवण्याचा कायदा झाला. पुढे भट्ट्या गेल्या आणि वाफेचे, मग विजेचे पंखे आले.

आता गंमत पाहा. आधी हवा हलवायला उष्णता लागायची. पंखा आल्यावर हवा हलते आणि सोबत उष्णता फुकट बाहेर येते. ही उष्णता येते कुठून? दर किलोमीटर खोलीला खडक साधारण २५ ते ३० अंशांनी तापतो. शिवाय खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, यंत्रं तापतात आणि कोळसा स्वतः तापतो. भारतात १९५७ च्या कोळसा खाण नियमांनी मर्यादा घातली: कामाच्या जागी ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवर ३३.५ अंशांच्या वर पारा जाता कामा नये, आणि ३०.५ च्या वर गेला तर हवेचा वेग सेकंदाला किमान १ मीटर हवा.

थोडं गणित करू, बीटेकची फी वसूल व्हायला हवी ना! समजा पंखा सेकंदाला १०० घनमीटर हवा बाहेर टाकतो. ती हवा १० अंशांनी गार करून तिची उष्णता काढून घेतली तर सुमारे १,२०० किलोवॅट हाती येतात. म्हणजे घरातले २ किलोवॅटचे ६०० गिझर एकदम चालू. हवेतल्या वाफेचं पाणी झालं तर आणखी वर.

पण २५-३० अंशांच्या हवेने आंघोळीचं पाणी तापणार कसं? इथे येतो हीट पंप, म्हणजे उलटा लावलेला फ्रीज. एक युनिट वीज खर्चून साधारण तीन-चार युनिट उष्णता कमी तापमानाकडून जास्त तापमानाकडे ढकलायची. ही कल्पना विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, १८५२ सालीच मांडली होती. त्याच्या लेखाचा विषयच मुळी हवेच्या प्रवाहाने इमारती गरम किंवा गार करणं हा होता. भट्टीवाल्या खाणी जोरात चालू असताना उत्तर कागदावर तयार होतं!

प्रत्यक्षात आलेलं माझं आवडतं उदाहरण खाणीचं नाही, भुयारी रेल्वेचं आहे. लंडनमधलं सिटी रोड स्टेशन १९२२ साली बंद पडलं. त्याच्या जुन्या शाफ्टमधून नॉर्दर्न लाईनची गरम हवा ओढून २०२० पासून इझलिंग्टन भागातली घरं, शाळा आणि पोहण्याचे तलाव तापवले जातात. उन्हाळ्यात पंखा उलटा फिरवून बोगद्याला गारवा देता येतो, हेही छान. नेदरलँड्समधल्या हेरलेन शहराने २००८ मध्ये बंद खाणींत साचलेलं पाणी वापरायला घेतलं.

हवा नाही, पाणी. याचं कारण महत्त्वाचं आहे. खाण बंद झाली की पंखा थांबतो, शाफ्ट बुजवतात आणि हवेतली उष्णता त्याच दिवशी संपते. पाणी मात्र राहतं. म्हणून हवेची उष्णता वापरायची असेल तर खाण चालू असतानाच वापरावी लागते.

विदर्भात काय? मे महिन्यात चंद्रपूरला ४५ अंश असतात, तिथे इमारत गरम कोण करेल! माझ्या मते इमारतींचा विचार इथे सोडूनच द्यावा. गरम पाण्याचा मात्र करावा. खाणीच्या तोंडाशी कामगारांसाठी न्हाणीघरं असावीत हा नियम आपल्याकडे १९४६ पासूनचा. डिसेंबरात रात्रपाळी संपवून कोळशाने माखलेला माणूस वर येतो, तेव्हा शेजारचा पंखा ऊबदार हवा आभाळात सोडत असतो, आणि पाणी तापवायला मात्र वेगळी वीज किंवा कोळसा जाळायचा.

वेस्टर्न कोलफील्ड्सला टाकाऊ गोष्ट वापरता येत नाही असंही नाही. नागपूरजवळच्या पाटणसावंगीला याच कंपनीने खाणीतून उपसलेलं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटल्यांत भरलं. पाण्याला गिऱ्हाईक दिसलं. हवेकडे अजून कोणी तसं बघितलेलं नाही, आणि भूमिगत खाणी एकेक करून बंद होत चालल्यात.