ललिता बाबर

ललिता शिवाजी बाबर (जन्म : २ जून १९८९) या ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीतील माजी भारतीय धावपटू आहेत. त्यांनी २०१४ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक व २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या या प्रकाराच्या अंतिम फेरीत धावल्या. 'माणदेशी एक्सप्रेस' या नावाने त्या महाराष्ट्रात ओळखल्या जातात.

सुरुवातीचा काळ

ललिता बाबर यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, मोही या गावी शेतकरी कुटुंबात झाला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा भाग पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसत आला आहे. माण नदी येथून पूर्वेकडे सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि पुढे सांगोल्याकडे वाहत जाते. या पट्ट्याला माणदेश म्हणतात. मराठी वाचकांना तो मुख्यतः व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनातून ठाऊक आहे.

२००५ साली पुण्यात झालेल्या वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी पहिले महत्त्वाचे सुवर्णपदक मिळवले. पुढे त्या लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळल्या आणि मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ व २०१४ अशी सलग तीन वर्षे भारतीय महिलांमध्ये पहिल्या आल्या. या काळात त्या भारतीय रेल्वेच्या सेवेत होत्या.

स्टीपलचेसकडे वळण

मॅरेथॉनमधील यशानंतर, मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवण्याच्या हेतूने त्यांनी स्टीपलचेसवर लक्ष केंद्रित केले. बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव हे त्यांचे प्रशिक्षक होते.

हा बदल वाटतो तितका सोपा नव्हे. स्टीपलचेसमध्ये धावपटूला २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याची उडी पार करावी लागते. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर असते. शंभर किंवा चारशे मीटरच्या हर्डल्समधील अडथळा पायाचा धक्का लागताच पडतो. स्टीपलचेसचा अडथळा जड व भक्कम असतो, तो पडत नाही, पडतो तो धावपटू. पाण्याच्या उडीत बहुतेक जणी अडथळ्यावर पाऊल रोवून पुढे झेपावतात आणि उथळ पाण्यात उतरून ओल्या बुटांनिशी पुन्हा लय पकडतात. मॅरेथॉनने दिलेला दमसास येथे उपयोगी पडतो, परंतु एकाच लयीत मैलोन्‌मैल धावण्याची सवय मात्र मोडावी लागते. महिलांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये २००८ सालीच आली.

आशियाई यश

सप्टेंबर २०१४ मध्ये इंचॉन येथील आशियाई क्रीडास्पर्धेत बाबर यांनी ९:३५.३७ मिनिटे वेळ देऊन सुधा सिंग यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. निकालावरून तेथे बराच घोळ झाला. पहिल्या आलेल्या बहरीनच्या रूथ जेबेट यांना धावपट्टीच्या आत पाऊल पडल्याच्या कारणावरून बाद ठरवण्यात आले, त्यामुळे बाबर दुसऱ्या व सुधा सिंग तिसऱ्या झाल्या. नंतर हा निर्णय फिरवला गेला. बाबर यांच्याकडे कांस्यपदक राहिले आणि त्यांच्यापेक्षा केवळ ०.२७ सेकंदाने मागे असलेल्या सुधा सिंग यांना रिकाम्या हाती परतावे लागले.

पुढील वर्षी वूहान येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ९:३४.१३ मिनिटांच्या नव्या राष्ट्रीय विक्रमासह बाबर यांनी सुवर्णपदक जिंकले व रिओचे तिकीटही मिळवले. ऑगस्ट २०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत प्राथमिक फेरीत त्यांनी ९:२७.८६ अशी वेळ नोंदवली आणि अंतिम फेरीत आठवे स्थान मिळवले.

रिओ ऑलिंपिक, २०१६

ऑलिंपिकपूर्वीचे काही महिने दोन भारतीय धावपटूंच्या चढाओढीचे होते. एप्रिल २०१६ मध्ये नवी दिल्ली येथे बाबर यांनी विक्रम ९:२७.०९ वर आणला. मे महिन्यात सुधा सिंग यांनी शांघाय येथे ९:२६.५५ अशी वेळ देऊन तो हिरावून घेतला.

रिओच्या प्राथमिक फेरीत, १३ ऑगस्ट रोजी, बाबर आपल्या गटात चौथ्या आल्या. प्रत्येक गटातील पहिल्या तिघींनाच थेट प्रवेश होता, त्यामुळे सारे काही वेळेवर अवलंबून होते. ती वेळ ९:१९.७६ निघाली. राष्ट्रीय विक्रमात एका शर्यतीत जवळपास सात सेकंदांची सुधारणा झाली आणि त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर हर्डल्समध्ये पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले होते. त्यानंतर ३२ वर्षांनी एखादी भारतीय महिला धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत उतरत होती, आणि योगायोग असा की दोन्ही शर्यती अडथळ्यांच्याच.

१५ ऑगस्टच्या अंतिम शर्यतीत जेबेट यांनी ८:५९.७५ मिनिटांत सुवर्णपदक जिंकले. बाबर ९:२२.७४ अशी वेळ देऊन दहाव्या आल्या. पदक दूर होते, तरी त्यांच्या आयुष्यातील ही दुसऱ्या क्रमांकाची वेगवान शर्यत होती, हे 'दहावी' या शब्दाआड झाकले जाते.

नंतरचा काळ

२०१६ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. रिओनंतर त्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दिसल्या नाहीत. राज्य शासनाने त्यांची उपजिल्हाधिकारी पदावर नियुक्ती केली आणि त्या महसूल सेवेत दाखल झाल्या. त्यांचा ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम सात वर्षे टिकला. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पारुल चौधरी यांनी ९:१५.३१ मिनिटे वेळ देऊन तो मोडला.