३४ सेकंदांची आठवण

मागच्या वेळी आपण म्हणालो होतो, की खेळाडूच्या आठवणी हा इतिहासाचा कच्चा माल आहे. निवडून, पाखडूनच घ्यावा लागतो. आज एक उदाहरण घेऊ. हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, पण ही बर्फावरची हॉकी. सप्टेंबर १९७२. त्याच महिन्यात म्युनिकला आपला संघ कांस्यपदकावर समाधान मानत होता, आणि तिकडे कॅनडा व सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामने रंगले होते. पहिले चार कॅनडात, पुढचे चार मॉस्कोत.

आपले व्यावसायिक खेळाडू रशियनांना सहज लोळवणार, असं कॅनडात बहुतेकांनी धरूनच ठेवलं होतं. २ सप्टेंबरला मॉन्ट्रियलमध्ये पाहुण्यांनी त्यांना ७-३ असं हरवलं. गोलरक्षक होता केन ड्रायडन. चौथा सामना व्हँकुव्हरला. पुन्हा ड्रायडन, पुन्हा हार, ५-३. घरच्याच प्रेक्षकांनी संघाची हुर्यो उडवली.

पुढे २०२२ मध्ये, म्हणजे ५० वर्षांनी, ड्रायडनने या मालिकेवर आठवणींचं पुस्तक लिहिलं. आम्हाला त्याची साक्ष मोलाची वाटते, ती तो कुठे उभा होता यासाठी. २८ सप्टेंबर, आठवा सामना, ५-५ बरोबरी, ३४ सेकंद शिल्लक, आणि पॉल हेंडरसनने गोल मारला. सामना आणि मालिका कॅनडाची. ड्रायडन तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, जवळपास २०० फुटांवर! सगळ्या देशाला तोंडपाठ असलेला गोल त्याने लांबून पाहिला. जवळून पाहिले ते स्वतःच्या जाळ्यात गेलेले पाच.

आता एक हिशेब करू. आठ सामन्यांत कॅनडाचे गोल ३१, सोव्हिएत संघाचे ३२. इतकं ते अटीतटीचं होतं. पण ३४ सेकंद लक्षात राहिले आणि २७ दिवस त्यांच्या मागे झाकले गेले.

झाकलं गेलेलं काय, तर सहावा सामना. त्यात बॉबी क्लार्कने व्हॅलेरी खार्लामोव्हच्या घोट्यावर काठीचा जोरदार फटका मारला. खार्लामोव्ह सोव्हिएत संघाचा सगळ्यात धोकादायक आक्रमक. तो सातवा सामना खेळू शकला नाही, आठव्याला दुखऱ्या पायानेच उतरला. कॅनडाने तो सहावा सामना ३-२ असा जिंकला, सातवा ४-३; दोन्हींत निर्णायक गोल हेंडरसनचेच. तीस वर्षांनी याच हेंडरसनने त्या फटक्यावर जाहीर टीका केली, आणि नंतर शब्द मागेही घेतले. जिंकलेल्या संघात राहून असं बोलणं सोपं नसतं, हे आपण समजू शकतो. पण पहिला शब्द आम्ही तरी पुसणार नाही.

खार्लामोव्ह १९८१ मध्ये मोटार अपघातात गेला, वय ३३. पन्नास वर्षांनी मागे वळून पाहणं त्याच्या वाट्याला आलंच नाही.

राहिला व्लादिस्लाव्ह त्रेत्याक. आठही सामने सोव्हिएत गोलमध्ये तोच होता, आणि तो शेवटचा गोल झाला तोही त्याच्यावरच. पुढच्या वेळी त्याच्या टोकापासून सुरुवात करू.