बाळंतपणानंतरचे कामजीवन

बाळंतपणानंतरचे कामजीवन : मूल झाल्यावर पती-पत्नींची कामेच्छा, शारीरिक जवळीक आणि संभोग यांत होणारे बदल व त्यांतून दोघांची नव्याने बसणारी घडी. आधुनिक वैद्यक प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांना सूतिकाकाल मानते. सुश्रुतसंहितेत तो दीड महिन्याचा आहे, काश्यपसंहितेत सहा महिन्यांचा, आणि मराठी घरांत सव्वा महिन्याचा. मुदतीचा विचार असा पिढ्यान्‌पिढ्या झाला. ती संपल्यावर दोघांनी एकमेकांजवळ कसे यावे, हे मात्र ना सुईणीने सांगितले, ना आज डॉक्टर आपणहून सांगतात.

प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलो असते. सहा आठवड्यांत ते आक्रसून शंभर ग्रॅमच्या आसपास येते. वार सुटलेल्या जागी आत जखम असते आणि अंगावरून जाणे साधारण चार ते सहा आठवडे चालते. या काळात संभोग झाल्यास जंतुसंसर्गाची भीती असते. खालचे टाके वरवर दोन-तीन आठवड्यांत भरलेले दिसतात; आतला हुळहुळेपणा त्याहून बराच टिकतो. तरीही सहा आठवडे हा काही शरीराने पाळायचा नियम नाही. तपासणीच्या सोयीने तो आकडा रूढ झाला. स्राव थांबला, टाके भरले आणि बाईच्या मनाने घेतले, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच सुरुवात करावी. त्यांतली तिसरी सर्वांत शेवटी जुळते आणि विचारात सर्वांत कमी घेतली जाते.

अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन वाढलेले आणि इस्ट्रोजेन घटलेले असते. परिणामी योनिमार्ग कोरडा आणि नाजूक होतो. इच्छा असली तरी ओलावा येत नाही. नवऱ्याला वाटते हिची ओढ संपली, तिला वाटते आपल्यातच काही बिघडले. औषधाच्या दुकानात मिळणारी, पाण्यावर आधारित वंगणजेली पुष्कळदा पुरते. खोबरेल तेल वापरणाऱ्यांनी निरोध वापरत असल्यास ते टाळावे, कारण तेलाने लेटेक्स कमजोर होते. समागमाच्या वेळी पान्हा फुटणे हेही नेहमीचेच. पान्हा सोडणारे ऑक्सिटोसिन कामतृप्तीच्या क्षणीही स्रवते. जवळ एक पंचा ठेवला की लाजण्यासारखे काही उरत नाही.

पहिलटकरणींच्या कामजीवनाचा एक मोठा अभ्यास ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात झाला. त्याचे निष्कर्ष २०१३ पासून प्रसिद्ध झाले. सुमारे दीड हजार स्त्रियांपैकी ४१ टक्क्यांनी सहा आठवड्यांपर्यंत, ७८ टक्क्यांनी बारा आठवड्यांपर्यंत आणि ९४ टक्क्यांनी सहा महिन्यांपर्यंत संभोगाला पुन्हा सुरुवात केली होती. म्हणजे ज्या तपासणीत डॉक्टर ‘आता हरकत नाही’ म्हणतात, तिथवर निम्म्याहून अधिक जोडपी थांबलेलीच होती. पहिल्या खेपेस बहुतेकींना दुखले. दीड वर्षानंतरही साधारण चौथ्या बाईला त्रास होता. सिझेरियन झालेल्यांना दुखत नाही हा आपल्याकडचा समज याच अभ्यासाने खोटा ठरवला; दीड वर्षानंतर दुखण्याची शक्यता त्यांच्यात उलट जास्त आढळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) भारतात २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने होतात, तेव्हा हा मुद्दा थोड्यांपुरता नाही. पोटावरचा व्रण ताणला जाऊ नये म्हणून कुशीवर निजून किंवा बाई वर राहून जवळ येणे सोयीचे पडते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडला आणि तो त्यांच्याच नावाने चालतो. स्नायू सैल पडले असतील तर तो उपयोगी पडतो. ते आधीच आवळलेले राहत असल्यास त्याने दुखणे वाढू शकते. नवऱ्याच्या सुखासाठी ‘एक टाका जास्त’ घालण्याचा प्रकार मात्र वैद्यकाला धरून नाही. त्यातून बाईला फक्त वेदना मिळते.

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. शेकशेगडी, धुरी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, पाचवीची सटवाई, बारसे असे करत लेक तीन-तीन महिने आईकडे राहते. बाईच्या शरीराला यातून पूर्ण विसावा मिळतो, आणि ‘नको’ हा शब्द तिला तोंडाने उच्चारावाही लागत नाही. ही या रीतीची खरी थोरवी. तिची उणी बाजू नवऱ्याकडे. तो रविवारी पाहुण्यासारखा येतो, बाळ मांडीवर घेतो, चहा पिऊन परततो. रात्रीची जागरणे, दुपट्टी, पोटदुखीचे रडणे त्याला ठाऊकच होत नाही. बायको सासरी परतते तेव्हा तिच्या लेखी सगळे बदललेले असते आणि त्याच्या लेखी फक्त विरह संपलेला. मुंबई-पुण्यातील एका खोलीच्या घरात मध्ये बाळ, शेजारी सासू-सासरे, अशी रात्र. अमेरिकेतल्या मराठी जोडप्याकडे माहेरच उलट चालून येते आणि आजी सहा महिने शेजारच्या खोलीत असते.

दिवसभर मूल अंगाला चिकटलेले असले की रात्री आणखी कोणाचा स्पर्श नकोसा होतो; त्यात नवऱ्यावरचा राग असतोच असे नाही. बदल पुरुषातही होतात. फिलिपीन्समधील सेबू येथे ६२४ तरुणांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाप झालेल्यांचे टेस्टोस्टेरॉन घटल्याचे आणि मुलाची देखभाल जास्त करणाऱ्यांत ते आणखी कमी असल्याचे दिसले. मिठी, पाठ चोळणे, शेजारी नुसते पडून राहणे ही जवळीक संभोगाची तयारी म्हणूनच झाली तर बाई तीही टाळू लागते. ती सुटी ठेवणे शहाणपणाचे.

इच्छा मेल्यासारखी वाटण्यामागे नैराश्यही असू शकते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतील रडवेपणा आपोआप सरतो. त्यापुढे टिकणारी उदासी आजारात मोडते. गोव्यातील मातांवर विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ टक्के स्त्रियांना असे नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्याचा घरातला सल यांच्याशी त्याचा संबंध होता. अशा घरात कामेच्छेवर औषध शोधणे म्हणजे भलत्याच दुखण्याला लेप लावणे. बाईचा नकार डावलून जबरदस्ती करणे हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने लैंगिक छळ ठरतो. बाळंतिणीबाबत त्यात शरीराची इजाही भरीला येते.

‘अंगावर पाजत असताना दिवस जात नाहीत’ हा समज अर्धाच खरा. इटलीतील बेलाजिओ येथे १९८८ मध्ये तज्ज्ञांनी त्याच्या तीन अटी ठरवल्या: पाळी आलेली नसावी, बाळ पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे आईच्याच दुधावर असावे, आणि सहा महिने झालेले नसावेत. तिन्ही पाळल्या तर हे संरक्षण सुमारे ९८ टक्के असते. एक मोडली की त्यावर विसंबता येत नाही. बीजमोचन पाळीच्या आधी होते, त्यामुळे पाळी न येताच पुन्हा दिवस गेलेल्या बायका प्रत्येक गावात सापडतात. अंगावर न पाजणारीने तीन आठवड्यांनंतर गर्भनिरोध धरावा. वार पडल्यानंतर ४८ तासांत तांबी बसवता येते. ‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतून आलेली, संप्रेरक नसलेली गोळी दूध पाजणारीला चालते. तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन दूध पाजणारीला सहा आठवड्यांनंतर देतात. या विषयांवर बोलणेही पूर्वी जोखमीचे होते. समाजसुधारक र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून अशा विषयांवर उघड लिहिले. त्यांच्यावर खटले भरले गेले. आज ही साधने सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाईच्या घरी आशा कार्यकर्ती सहा भेटी देते. शेवटची ४२ व्या दिवशी. बाळाचे वजन, नाळ, ताप, स्तनपान यांची चौकशी त्यात होते. कामजीवनाबद्दलची शंका बाईने सासूच्या देखत काढावी कशी, हा प्रश्न राहतोच. आशाताईशी दारापर्यंत चालत जाताना ती काढणे अधिक सोपे. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल, थांबलेला स्राव पुन्हा लालभडक सुरू झाला असेल, त्याला दुर्गंधी किंवा सोबत ताप असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे आणि तोवर संभोग टाळावा.